अधिक-उणे चाचा

चाचांच्या हातात प्रबंध दिला की ते आधी त्याचा वास घ्यायचे. पान उघडायचं नाही, शीर्षक बघायचं नाही, उमेदवाराचं नाव विचारायचं नाही. गठ्ठा दोन्ही हातांनी नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे आणि समोरचा प्राध्यापक अवघडून इकडेतिकडे बघायला लागेपर्यंत तसंच उभं राहायचं. मग म्हणायचे, "पावसाळामा लिखेल शे. घाईमा." ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं, त्यामुळे प्राध्यापक आणखीच अवघडायचा.

तळोद्याच्या बाजारपेठेत कापडाच्या दुकानांच्या ओळीत मध्येच चाचांचं दुकान घुसलेलं आहे. पाटीवर 'टायपिंग, झेरॉक्स, बाइंडिंग' एवढंच. वडील शाळांची हजेरीपत्रकं आणि मशिदीतल्या कुराणाच्या प्रती बांधायचे; दहावीनंतर चाचा त्याच पाटावर बसले. पुढे जिल्ह्यात कॉलेजं वाढली, प्राध्यापकांना पीएच.डी.ची घाई लागली आणि नंदुरबार, शहादा, अक्कलकुव्यापासून उमेदवार चाचांकडे यायला लागले. चाचा मराठी शुद्ध टाइप करायचे हे त्याचं कारण. पण टाइप करता करता ते सगळं वाचायचेही. राज्यशास्त्र, कायदा, पदार्थविज्ञान, भिली लोकगीतं, केळीवरची कीड, जे येईल ते. ही गोष्ट उमेदवाराला उशिरा कळायची, आणि तोवर गठ्ठा चाचांच्या ताब्यात गेलेला असायचा.

इतकी वर्षं प्रबंधांची भाषा बोटांतून गेल्यामुळे ती त्यांच्या तोंडातही बसली होती. रस्त्यावर अहिराणी, बायकोशी हिंदी आणि विषय जरा गंभीर झाला की प्रबंधाची मराठी. तिन्ही एकाच दमात आल्या तरी त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. "प्रस्तुत चहा थंडा व्हई गया," असं ते अगदी सहज म्हणायचे. आतून चाची ओरडायच्या, "रोटी ठंडी हो रई!" आणि चाचा बाहेरून, "निष्कर्ष काढतो आणि आलो!" निष्कर्ष म्हणजे काय हे चाचींना ठाऊक नव्हतं, पण तो निघायला अर्धा तास लागतो हे अनुभवाने ठाऊक होतं.

टाइप करताना जी पानं बिघडायची, शाई फाकलेली, तिरकी आलेली, ती चाचा टाकून देत नसत. ती एका खोक्यात जमायची आणि खोकं भरलं की ते त्यांचा एक खंड बांधायचे. असे कितीतरी खंड दुकानाच्या माळ्यावर होते. त्यात अटकेच्या कायद्याचं पान संपलं की पुढे घर्षणाचं समीकरण, त्याच्यापुढे पंचायत निवडणुकीचा तक्ता, मग होळीचं एखादं गाणं अर्ध्यावर तुटलेलं. चाचा हे खंड कादंबरी वाचावी तसे सलग वाचायचे. "प्राध्यापक लोक एकच विषय वाचतात, म्हणून त्यांना शेजारी काय चाललंय ते कळत नाही," ते मला म्हणाले होते. "माझ्याकडं सगळे एकाच चाळीत राहतात. ह्या घरातलं भांडण त्या घरात ऐकू येतं." त्यांना ते खरोखर ऐकू यायचं, त्यात नाटक नव्हतं. वाचता वाचता एकदम मांडीवर थाप मारून ते ओरडायचे, आणि बाहेर उभी असलेली गिऱ्हाइकं दचकायची.

नंदुरबारच्या एका पदार्थविज्ञानवाल्या तरुण प्राध्यापकाने त्यांना पहिलं वेड लावलं. त्याच्या प्रबंधात प्रत्येक आकड्यापुढे अधिक आणि उणे अशी दोन चिन्हं एकावर एक बसवलेली. चाचांना वाटलं, टाइप करताना चूक झाली. त्यांनी त्याला बोलावून घेतलं. तो बिचारा पाटीखाली उभा राहून तासभर समजावत होता. कुठलंही माप अगदी नेमकं नसतं, चाचा. शंभरदा मोजलं तर शंभर उत्तरं येतात. म्हणून आम्ही आकडा सांगतो आणि शेजारी तो कितीने चुकलेला असू शकतो तेही सांगतो.

"म्हणजे तुम्ही स्वतःच लिहून देता? की मी चुकलो असेन?"

"हो. लिहिलं नाही तर आम्हाला कुणी विचारत नाही."

चाचा त्या दिवशी जेवले नाहीत म्हणे. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं सगळं आयुष्य अधिक-उणे झालं. "चार वाजता या, अधिक-उणे एक तास." "चाचीचं वय छप्पन, अधिक-उणे दोन." ईदचा चंद्र दिसला का विचारलं तर, "दिसला, पण ढग होते." उधारी मागायला आलेल्या कागदवाल्याशी हे चालेना, तेव्हा तिथे मात्र ते गप्प बसायचे. गावाने त्यांना अधिक-उणे चाचा म्हणायला सुरुवात केली आणि ते खूश झाले. आपल्याला पदवी मिळाली असंच त्यांना वाटत होतं.

मग एक वकील साक्षीपुराव्यावरचा प्रबंध घेऊन आला. चाचांनी तो तीन दिवसांत टाइप केला आणि चौथ्या दिवशी वकिलाला अडवलं. खोटं बोलणाऱ्या साक्षीदारावर तुम्ही तीन प्रकरणं लिहिलीत. खरं बोलणारा पण चुकणारा साक्षीदार कुठे आहे? वकील म्हणाला, तो विषय निराळा. चाचा म्हणाले, "निराळा कसा? त्या फिजिक्सवाल्यानं तर सगळा थीसिस त्याच्यावरच लिहिलाय!" वकिलाने हा प्रसंग हसत हसत मला सांगितला, आणि शेवटी हळूच म्हणाला की त्याने नंतर एक प्रकरण वाढवलं.

या सगळ्या गोष्टी मला ऐकायला फार आवडायच्या. माझी पाळी येईपर्यंत.

मी तेव्हा तळोद्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवत होते. तासिका तत्त्व म्हणजे वर्षाच्या शेवटी घरी आणि जूनमध्ये पुन्हा अर्ज. पीएच.डी. झाली तर कायम जागेसाठी मुलाखत तरी देता येणार होती. माझा विषय होता सातपुड्यातल्या ग्रामसभा आणि त्यांतला आदिवासी स्त्रियांचा सहभाग. मुदतवाढी सगळ्या घेऊन झाल्या होत्या, शेवटची महिनाअखेरीला संपत होती. प्रबंध तयार होता, नक्कल तपासणाऱ्या यंत्रातून पास झाला होता. आता फक्त बांधायचा राहिला होता. मी प्रबंध आणि परिशिष्टात लावायचे सगळे मूळ फॉर्म चाचांच्या पाटावर ठेवले आणि निर्धास्त बसले.

चाचांनी प्रबंधाचा वास घेतला. मग फॉर्मांचा घेतला. मग एकेक फॉर्म सुटा काढून हुंगायला लागले. दहा, वीस, पन्नास. का हुंगताहेत ते मला आधीच कळलं होतं.

"आमचूर," चाचा म्हणाले. "तोरणमाळच्या बाजूचं गाव, आमचूर. नर्मदाकाठचं गाव, आमचूर. ह्या पाड्याचा कागद बी आमचूर आणि सुकी मासळी." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "ताई, पाड्यावर चुलीपाशी बसून भरलेल्या कागदाला धुराचा वास येतो. एकाला पण धूर नाही. तुमी वर गयात नही."

मी वर गेले नव्हते हे अर्धं खरं होतं. मी खालच्या मोलगी गावापर्यंत गेले होते, दर बाजाराच्या दिवशी, सलग कितीतरी आठवडे. वरच्या गावांचे पाडे असे डोंगरभर विखुरलेले असतात की एका दिवसात पाच घरं झाली तरी खूप. पण बाजाराच्या दिवशी सगळी गावं आपणहून मोलगीला उतरतात. आमच्याकडचा प्रत्येक संशोधक तेच करतो. जीप थांबतात तिथल्या मोठ्या झाडाखाली खुर्ची टाकायची, शेजारी आमचुराचे ढीग, सुके बोंबील, मिरच्या, आणि जीप भरेपर्यंत थांबलेल्या बायकांना एकेक करून विचारायचं. फॉर्मवर गावाचं नाव लिहिलं, खाली अंगठा घेतला की झालं. माझं उत्तरही सुंदर आलं होतं: बहुसंख्य स्त्रिया ग्रामसभेला जातात.

"चाचा, तुमचं काम बांधायचं. तपासायचं नाही," मी म्हणाले. आवाज चढला होता. मला स्वतःचीच लाज वाटत होती, म्हणून तो आणखी चढला.

चाचा रागावले नाहीत. त्यांनी तिसरं प्रकरण काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'संशोधिकेने प्रत्यक्ष गावी जाऊन मुलाखती घेतल्या.'

"एवढं एक वाक्य काढा, परवा बांधून देतो. नहीत ते," आणि त्यांचे डोळे एकदम चमकायला लागले, "नहीत ते हाई वाक्य खरं करा! वीस दिवस शेत ना हातात?"

मी गठ्ठा उचलला आणि घरी गेले. दोन दिवस चाचांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. मार्गदर्शक सरांना फोन केला तर ते म्हणाले, "वेडी झालीस का? बाइंडरचं ऐकून कुणी प्रबंध थांबवतं? दुसरीकडे बांधून घे." दुसरीकडे बांधणं अगदी सोपं होतं. पण ते वाक्य आता मला रोज दिसायला लागलं होतं. वर्गात शिकवताना, भाकरी थापताना, सारखं तेच. तिसऱ्या दिवशी मी दुकानात गेले आणि म्हटलं, उद्या सकाळच्या जीपने वर निघते.

"मी बी येस!" चाचा उभेच राहिले. "वीस वर्षं, अधिक-उणे दोन, वरच्या गावांचे थीसिस बांधतोय ताई. एकदा पण पाहिली नाहीत!"

ती जीपयात्रा मी जन्मात विसरणार नाही. चाचांनी ईदचा कोट घातला होता, काखेत फाइल, डोक्यावर पांढरी टोपी. देवगोईच्या घाटात जीप वळणं घेत होती, पंधरा माणसं एकमेकांच्या मांडीवर, आणि हे खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडत होते, "हाई तर मन्हा थीसिसमा शे! चौथं प्रकरण! हा ओढा बी शे!" बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. ड्रायव्हरने विचारलं, बाबा पहिल्यांदाच आले का? चाचा म्हणाले, "नाही हो, वाचून शंभरदा आलोय." मोलगीला उतरल्यावर त्यांनी आधी ते जीपचं झाड गाठलं, खाली उभं राहून खोल श्वास घेतला आणि विजयी चेहऱ्याने माझ्याकडे बघितलं. आमचूर.

तिथून पुढे चालत. चढ असा की चाचा दर शंभर पावलांवर थांबायचे, पण थांबल्यावरही बोलायचे. पहिला पाडा दिसला तो पलीकडच्या उतारावर, कुडाच्या भिंतींची सात-आठ घरं, एकमेकांपासून हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर. चाचांनी टोपी काढून घाम पुसला. "कोणी वर काबर येत नही, ते कळलं," ते म्हणाले. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथली अंगणवाडी चालवणारी बाई त्याच पाड्याची सून होती. ती आमच्याबरोबर घरोघर फिरली, मी मराठीत विचारायचे आणि ती त्यांच्या बोलीत.

पहिल्याच घरी मी विचारलं, ग्रामसभेला जाता का? म्हातारी म्हणाली, हो, दर वेळी. कुठे भरते? ती म्हणाली, मोलगीला.

मला वाटलं, प्रश्न नीट कळला नसेल. अंगणवाडीताईंनी पुन्हा विचारला. म्हातारीने हाताने खालचा डोंगर दाखवला आणि ताईंना सविस्तर सांगितलं. ताई हसून मला म्हणाल्या, "ती म्हणते, बाजाराच्या दिवशी रजिस्टर येतं. झाडाखाली. जीपमध्ये चढायच्या आधी अंगठा द्यायचा. मग सभा झाली." आणि मग त्यांनी पुढचं सांगितलं. "ती म्हणते, तुम्ही पण असायच्या ना तिथं खुर्चीवर. तुम्हाला पण दिलाय अंगठा."

चाचा खाटेवरून उठले. "सभा बाजारात! अंगठा बाजारात! आणि ताईंचा फॉर्म बी बाजारात! तिन्ही एकाच झाडाखाली!" ते अंगणात गोल फिरायला लागले, कोंबड्या पळाल्या.  माझ्या फॉर्मांवरचे ते सगळे सुंदर होकार, ते माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतेच. बायकांना वाटलं होतं की हे तेच रजिस्टर आहे. सहा वर्षं मी ग्रामसभेचा अभ्यास केला असं मला वाटत होतं आणि प्रत्यक्षात मी तिची नक्कल उतरवून आणली होती. रडू यायला हवं होतं. पण चाचांकडे बघून मला हसू फुटलं, आणि मग अंगात अशी काही वीज शिरली की पुढचे बारा दिवस मी थांबले नाही. पाडा, घर, चूल, प्रश्न. प्रत्येक ठिकाणी चाचा खाटेवर बसून फाइलमध्ये लिहून घेत होते: घर, वेळ, कोण कोण हजर.

परत आल्यावर मी शेवटी एक नवं प्रकरण लिहिलं. त्याचं नाव 'मापनातील त्रुटी'. माझा बाजारातला अभ्यास कसा चुकला, किती चुकला, का चुकला, सगळं. आणि नवा निष्कर्ष: या पाड्यांवरच्या स्त्रियांचा ग्रामसभेतला सहभाग अंगठ्यापुरता आहे, त्या कुठलाच निर्णय घेत नाहीत. मार्गदर्शक सरांनी ते वाचून डोक्याला हात लावला. राज्यशास्त्रात असं कुणी लिहीत नाही, म्हणाले. शेवटी सही केली. "तुझी जबाबदारी," एवढं पुन्हा पुन्हा सांगितलं. चाचांनी शेवटच्या दिवशी सकाळी प्रबंध बांधून दिला. मी मुदतीत पोचले, अधिक-उणे दोन तास.

तोंडी परीक्षेला चाचा आले होते. तोच ईदचा कोट. शेवटच्या रांगेत, हात मांडीवर ठेवून. बाहेरून आलेले परीक्षक करड्या चेहऱ्याचे होते. त्यांनी नवं प्रकरण चाळलं आणि विचारलं, "पहिला अभ्यास तुम्हीच चुकीचा ठरवलात. दुसरा बरोबर आहे हे कशावरून?" मी तयारी केली होती. मी भराभर सांगितलं: घरी गेलो, सावकाश बसलो, त्यांच्याच पाड्यावरची बाई बरोबर होती. परीक्षकांनी मान हलवली. मग रिवाज म्हणून सभागृहाकडे बघून म्हणाले, "कुणाला काही विचारायचं आहे?"

अशा वेळी कुणी काही विचारत नसतं. चाचा उभे राहिले.

मला वाटलं, माझं कौतुक करणार. घाबरून मी हातानेच बसा, बसा म्हणत होते.

"प्रस्तुत संशोधिकेला एक प्रश्न," चाचा म्हणाले.  "दुसऱ्या वेळी पाड्यावर ताईंसोबत एक म्हातारा होता. दाढीवाला, कोट घातलेला, हातात फाइल. प्रत्येक मुलाखतीत तो खाटेवर बसून लिहीत होता. आभाराच्या पानावर त्याचं नाव आहे. त्रुटीच्या प्रकरणात नाही. फिजिक्सवाले सांगतात, गरम पाण्यात थंडा थर्मामीटर बुडवला की पाणीच थोडं निवतं. तर तो म्हातारा किती थंडा होता, ताई?"

  माणूस माझाच, मला वर घेऊन जाणारा, आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्याने माझा दुसरा अभ्यासही तराजूत टाकला होता. मार्गदर्शक सर माझ्याकडे बघून डोळ्यांनी सांगत होते, काहीतरी उत्तर दे. उत्तर देता आलंही असतं. फरक पडला नाही असं ठामपणे म्हटलं असतं तर तपासणार कोण होतं?

"माहीत नाही," मी म्हणाले. "ते मी तपासलं नाही. तपासायला हवं होतं."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर जीव आला. "हा प्रश्न आणि हे उत्तर," ते म्हणाले, "दोन्ही प्रबंधात मर्यादा म्हणून घाला. मग माझी हरकत नाही." पदवीची शिफारस झाली. टाळ्या वाजल्या. मी रडत होते आणि चाचांकडे बघायची हिंमत होत नव्हती. चहाच्या वेळी परीक्षक स्वतः त्यांच्याकडे गेले. आपण कोणत्या विषयाचे, म्हणून विचारलं. चाचा लाजले. "साहेब, विषय अजून ठरेल नही," ते म्हणाले.

पण तो प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. कायम जागेच्या मुलाखतीची तारीख लागली होती, तयारी करायची सोडून मी एक दिवस सकाळची जीप पकडली. चाचांना सांगितलं नाही.

पाड्यावर पोचले तेव्हा म्हातारी अंगणात धान्य पाखडत होती. तिने मला ओळखलं. मग माझ्या मागे, खालच्या वाटेकडे बराच वेळ बघितलं. अंगणवाडीताईंना काहीतरी विचारलं. ताई म्हणाल्या, "तो कोर्टातला माणूस आला नाही ना, विचारते."

"कोर्टातला?"

"फाइल होती ना. सगळ्यांना वाटलं, कोर्टाचा आहे. नावं लिहून नेतोय."

मी म्हटलं, कुणी नाही, मी एकटी आहे. म्हातारी आत गेली आणि बऱ्याच वेळाने एक वही घेऊन आली. शाळेची साधी वही, चुलीच्या धुराने पिवळी पडलेली. आठवी शिकलेल्या एका सुनेचं अक्षर. एका पानावर तारीख, खाली बायकांची नावं, त्याखाली काय ठरलं ते. हातपंप कुणी दुरुस्त करायचा. कुणाच्या मुलीला आश्रमशाळेतून परत आणायचं. रेशनवाल्याला कुणी विचारायचं. पानामागून पान. दर महिन्याला मोहाच्या झाडाखाली बायकांची सभा भरत होती, मी प्रबंधात 'कुठलाच निर्णय घेत नाहीत' असं लिहीत होते तेव्हाही. आम्ही बारा दिवस त्याच अंगणातून ये-जा केली होती आणि ती वही कणगीमागे होती.

जीपमधून उतरले ती थेट दुकानात गेले. कसं सांगावं कळत नव्हतं. तुमच्यामुळे चुकलं, हे कुणाला तोंडावर कसं सांगायचं? तेही अशा माणसाला, ज्याने मला वर नेलं. मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. कोट, फाइल, कोर्ट, वही.

चाचांनी ते माझ्याकडून तीनदा सांगून घेतलं. तिसऱ्या वेळी मध्येच "फाइल! फाइल!" म्हणून कपाळावर हात मारला. मग भरदुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, चपला न घालता समोरच्या हलवायाकडे धावले आणि कागदात जिलेबी बांधून घेऊन रस्त्याच्या मधोमध उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात एकेक ठेवायला लागले. मी पाटीखाली उभी राहून बघत होते. समोरच्या कापडाच्या दुकानातले मारवाडी शेठ गल्ल्यावरून उठून पायरीवर आले.

"काय चाचा, नातू व्हयना का?"

"नही शेठ!" चाचा ओरडले. दाढीला पाक लागला होता. "मी चुकनू! सिद्ध व्हयनं!"